वाद्यवृंदांतील कांहीं नवलाईचीं वाद्यें

(महोत्सवानिमित्त संत सिसिलियेच्या सणाच्या आदल्या सायंकाळीं धर्मगुरूंनीं शाळेच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



उद्यां २२ नोव्हेंबर, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण. महोत्सव-समितीनें आज मला संगीतावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. संगीतशास्त्र हा अथांग सागर. त्यांत बुडी मारून मोतीं काढणें हें पंडितांचें काम. मी आपला किनाऱ्यावरचे शंखशिंपले वेंचून आणले आहेत. पाश्चात्य वाद्यवृंदांत व्हायोलिन, बांसरी, नगारे असतात हें आपणांस ठाऊकच आहे. पण त्याच वृंदांत कधीं सर्पाकार लांकडी नळा, कधीं ओल्या बोटांनीं वाजणारे कांचेचे पेले, तर कधीं प्रत्यक्ष तोफ येऊन बसलेली आहे, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. गंमत म्हणून ऐका. मात्र या गंमतींत आपल्या धर्मग्रामांतील एका वादाचें उत्तर दडलेलें आहे. तें योग्य वेळीं सांगेन.

पहिला मान सर्पाला देतों. एदेनच्या बागेंतील सर्पाला देवळांत थारा नाहीं; पण फ्रान्समधील देवळांत दोनशें वर्षांहून अधिक काळ एक सर्प गायकांच्या शेजारीं बसून परमेश्वराच्या स्तुतींत भाग घेत होता. या वाद्याचें नांवच सर्प. परंपरा असें सांगते कीं, १५९० च्या सुमारास ओसेर येथील एद्मे गियोम नांवाच्या कॅननांनीं तें सिद्ध केलें. अक्रोडाच्या लांकडाचे दोन भाग कोरून ते चिकटवीत व वरून कातडें चढवीत. ही नळी सरळ केली तर सुमारें आठ फूट भरेल. माणसाचीं बोटें तिच्या छिद्रांपर्यंत पोंचावीं म्हणूनच तिला तीं नागमोडी वळणें. टोकाला हस्तिदंताचें किंवा शिंगाचें प्याल्यासारखें मुख; त्यावर ओंठ ठेवून ते फुरफुरवीत फुंकावयाचें. म्हणजे अंग लांकडाचें, पण वाजविण्याची रीत तुतारीची. लहानशा गांवच्या देवळांत ऑर्गन कोठून असणार? दहाबारा पुरुष ग्रेगरियन गायन गाऊं लागले कीं सूर हळूहळू खालीं घसरत जातो (हा अनुभव आमच्या गायनवृंदासहि अगदींच नवा नाहीं), त्या सुराला तळ देण्याचें काम सर्पाकडे असे.

हें काम सोपें नव्हतें. सर्पाला सहा छिद्रें, आणि तींहि ध्वनिशास्त्राच्या हिशोबानें नव्हे तर बोटांच्या सोयीनें पाडलेलीं. त्यामुळें सूर खरा लागणें सर्वस्वीं वादकाच्या ओंठांवर आणि कानावर अवलंबून. हॅन्डेलनें १७४९ मध्यें आतषबाजीच्या समारंभासाठीं जें संगीत रचिलें, त्याच्या हस्तलिखितांत सर्पाचें नांव घातलें आणि मग खोडून टाकलें. बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराला तर या वाद्याचा आवाज कॅथोलिक उपासनेपेक्षां रानटी लोकांच्या नरबलीला अधिक शोभेल असा वाटे. मात्र त्यानेंहि एक सवलत ठेविली: मृतांच्या मिस्सेंतील 'दिएस इरे' या स्तोत्राला सर्पाचा तो भेसूर आवाज योग्यच, असें तो म्हणे. १८३० च्या आपल्या 'सिंफनी फांतास्तिक' मध्यें शेवटच्या भागांत, चेटकिणींच्या मेळाव्यांत, त्यानें घंटानादाबरोबर त्याच स्तोत्राची चाल वाजविली आणि त्या चालीसाठीं मूळ स्वरलेखांत ज्या वाद्यांची योजना केली त्यांत सर्प होताच. त्याचा जोडीदार होता ऑफिक्लाइड.

ऑफिक्लाइड म्हणजे ग्रीक भाषेंत 'किल्ल्यांचा साप'. पॅरिसच्या हालारी नांवाच्या कारागिरानें १८१७ मध्यें तो पितळेचा केला व छिद्रांवर झांकणें बसविलीं. पुढें १८३५ मध्यें बर्लिन येथें वीप्रेख्त व मोरित्स यांनीं ट्यूबा काढला, आणि ऑफिक्लाइडची जागा हळूहळू त्यानें घेतली. तेव्हां आपल्या गांवच्या बँडांत जो सर्वांत मोठा कर्णा पोटाशीं धरून एक तरुण घामाघूम होऊन चालतो, त्या कर्ण्याच्या घराण्याचा मूळपुरुष देवळांतला होता, एका कॅननांच्या हातचा होता, हें त्या तरुणानें ध्यानांत ठेवावें.

आतां ट्राँबोन. आपल्याकडे हें वरातीचें वाद्य समजलें जातें. पुढेंमागें सरकणारी ती पितळी नळी पाहून मुलें हंसतात. पण युरोपांत शतकानुशतकें हें वाद्य ऐकावयाचें म्हणजे बहुधा देवळांतच जावें लागे. व्हेनिसच्या संत मार्काच्या देवळांत जोव्हान्नी गाब्रिएली हा ऑर्गनवादक होता. त्यानें १५९७ मध्यें छापलेल्या संग्रहांत एक रचना आहे. तिच्यांत वादकांचे दोन समुदाय एकमेकांना उत्तरें देतात. आठ वाद्यांपैकीं सहा ट्राँबोन. कोठें हळू वाजवावें आणि कोठें जोरानें, हें छापून सांगणाऱ्या पहिल्या कांहीं रचनांत तिची गणना होते. साल्झबुर्गच्या मुख्य देवळांत तर गायनवृंदाच्या ऑल्टो, टेनर व बेस या तिन्ही आवाजांच्या पाठीशीं एकेक ट्राँबोन उभा असे. तो वेगळें कांहीं वाजवीत नसे. गायक जें गातील तेंच वाजवून त्यांना आधार देई. मोझार्ट याच देवळाच्या चाकरींत वाढला. १७९१ मध्यें मृत्युशय्येवर अपुरी राहिलेली त्याची जी मृतांची मिस्सा, तिच्यांत अंतिम न्यायाची तुतारी वाजते तेथें ट्रंपेट नाहीं, एकटा ट्राँबोन आहे. आणि तो गर्जना करीत नाहीं, माणसासारखा गातो. ऐकावयास मिळाल्यास तो भाग अवश्य ऐकावा.

नाटकगृहांतहि ट्राँबोन जाई, पण तेथें त्याला देवाधर्माचींच कामें मिळत. मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी' या १७८७ च्या ऑपेरांत थडग्यावरचा दगडी पुतळा बोलूं लागतो तेव्हां ट्राँबोन वाजतात. सिंफनींत त्याला मानाचें स्थान मिळवून दिलें तें मुख्यत्वें बेथोव्हेननें. २२ डिसेंबर १८०८ रोजीं व्हिएन्नांत त्याची पांचवी सिंफनी प्रथम झाली, तेव्हां तीन ट्राँबोनवाले पहिले तीन भाग हात बांधून बसून राहिले व शेवटच्या भागाच्या आरंभीं एकदम उठावले. आजहि ती सिंफनी ऐकतांना त्या तिघांच्या धीराचें मला कौतुक वाटतें. आमच्या मंडळींना तर उपदेशाच्या वेळींहि स्वस्थ बसवत नाहीं.

याच बेथोव्हेनची एक छोटी रचना मला सर्वांत जवळची वाटते. १८१२ च्या शरदऋतूंत तो लिंझ शहरीं भावाकडे राहिला होता. तेथील कॅथीड्रलचे संगीतप्रमुख ग्ल्योगल यांनीं त्याला विनंती केली कीं, मृतांच्या दिवसासाठीं, म्हणजे २ नोव्हेंबरसाठीं, चार ट्राँबोनांकरितां कांहीं लिहून द्यावें. तशी त्या गांवची चालच होती. बेथोव्हेननें तीन लहान तुकडे लिहून दिले. ना गाणें, ना इतर वाद्य. चार ट्राँबोन, संथ आणि गंभीर. पंधरा वर्षांनंतर, २९ मार्च १८२७ रोजीं, व्हिएन्नाच्या रस्त्यांतून बेथोव्हेनची अंत्ययात्रा निघाली, तेव्हां त्यांतल्याच दोन तुकड्यांनीं त्याला पोंचविलें. त्या दिवशीं त्यांना स्तोत्राचे शब्दहि जोडले होते.

येथें मी आपल्या वादाकडे वळतों. आपल्या गांवचा बँड सणाच्या मिरवणुकींत वाजतो, अंत्ययात्रेंत वाजतो. पण देवळाच्या पायरीशीं येतांच तरुण आपलीं वाद्यें काखेंत धरून बाहेर उभे राहतात. महोत्सवाच्या मिस्सेंत त्यांना आंत घ्यावें काय, यावरून समितींत दोन तट पडले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ज्या कर्ण्यांतून काल हळदीच्या रात्रीं सिनेमाचें गाणें निघालें, तोच कर्णा उद्यां वेदीपुढें कसा चालेल? त्यावर एक तरुण उठून म्हणाला, माझ्या आजोबांना कबरीपर्यंत पोंचविलें तें याच कर्ण्यानें ना? दोघांचेंहि बोलणें मला तोलामोलाचें वाटलें.

वृद्धांच्या म्हणण्याला आधार आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सिसिलियेच्याच सणादिवशीं, पोप दहावे पायस यांनीं उपासनेंतील संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत पियानो देवळांत निषिद्ध ठरला. नगारे, झांजा इत्यादि गोंगाटाचीं वाद्यें निषिद्ध ठरलीं. बँडाला तर आंत वाजविण्याची सक्त मनाई झाली. विशेष प्रसंगीं महागुरुस्वामींच्या संमतीनें मोजकींच फुंकवाद्यें, तींहि गंभीर चालींसाठीं, एवढीच मुभा होती. आणि बाहेरच्या मिरवणुकींत बँड चालेल, पण ऐहिक गाणीं वाजवूं नयेत, अशी अट होती. आपले तरुण पायरीशीं थांबतात त्या चालीच्या मुळाशीं असा नियम आहे. नियमामागील कारणहि ध्यानांत घ्यावें: त्या पूर्वींच्या काळांत इटलींतील कित्येक देवळांत ऑपेरांतल्या चालीच मिस्सेंत गाइल्या जात असत. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें उपासनेविषयींच्या आपल्या घोषणेंत पाइप ऑर्गनचा मान कायम ठेविला, पण इतर वाद्यांनाहि धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें दार उघडलें. वाद्य पवित्र कार्याला योग्य असावें किंवा योग्य करतां यावें, आणि देवळाच्या प्रतिष्ठेला शोभावें, एवढी अट ठेविली.

त्याप्रमाणें महागुरुस्वामींची संमति मीं मागितली होती. ती आली आहे. महोत्सवाच्या मिस्सेंत आपल्या बँडांतील दोन ट्राँबोन माळ्यावर गायनवृंदाच्या मागें उभे राहतील. साल्झबुर्गच्या रीतीनें एक टेनरला आधार देईल, एक बेसला. ढोल व झांजा बाहेरच राहतील. आणि दफनभूमीवरून परततांना वाटेंत सिनेमाच्या चाली वाजविण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, तो बंद होईल, असा शब्द बँडाच्या मंडळींनीं मला दिला आहे. वृद्ध गृहस्थांचें समाधान पुरतेपणीं झालें आहे असें मी म्हणत नाहीं. पण तालमीला येऊन मागें बसण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.

आतां जरा हलक्या गोष्टी. कांचेच्या पेल्याच्या कांठावर ओलें बोट फिरविलें कीं सूर निघतो, हा खेळ आपण लहानपणीं केला असेल. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७६१ मध्यें या खेळाचें वाद्य केलें. लहानमोठ्या कांचेच्या वाट्या एका लोखंडी कण्यावर एकींत एक अशा ओंवल्या, कणा पायानें फिरवावयाचा आणि ओलीं बोटें कांठांना लावावयाचीं. आपल्या जलतरंगाचें हें दूरचें भावंड म्हणा. फरक इतकाच कीं, जलतरंगावर काडीचा आघात असतो, येथें नुसता स्पर्श. हें वाद्य ऐकून माणसें वेडीं होतात अशी भुमका त्या काळीं उठली होती. दोनिझेत्तीनें तर १८३५ च्या आपल्या ऑपेरांत वेड्या झालेल्या नायिकेच्या गाण्याला प्रथम याच वाद्याची साथ योजिली होती. मग ती बदलून बांसरीला दिली. मोझार्टला अशा भुमकांची पर्वा नव्हती. मारियाने किर्शगेसनर नांवाची अंध वादिका हें वाद्य वाजवी. तिच्यासाठीं त्यानें मे १७९१ मध्यें एक सुरेख रचना केली. मोझार्टच्या रचनांच्या सूचींत तिचा क्रमांक ६१७. आणि ६१८ वी कोणती? आपण पवित्र शरीराच्या सणाला गातो तें 'आवे वेरुम'. कांचेच्या वाट्यांनंतर महिन्याच्या आंतच त्यानें तें लिहिलें. मला त्याच्या पहिल्या ओळींतील स्वरांत कांचेचा तो नाद अजून रेंगाळतो आहे असें वाटतें. हा माझा भास असेल.

तोफेचें सांगावयाचें राहिलें. चायकोव्हस्कीनें नेपोलियनच्या पराभवावरील आपल्या १८१२ नांवाच्या रचनेंत, जी १८८२ मध्यें मॉस्कोंत प्रथम वाजली, स्वरलेखांतच तोफेचे बार मांडले आहेत. माहलरच्या सहाव्या सिंफनींत, १९०६ मध्यें, नशिबाचा घाव दाखविण्यासाठीं भला मोठा लांकडी हातोडा आदळतात. रिखार्ड स्ट्राउसनें वारा वाहविण्याचें यंत्र आणलें. रेस्पीगीनें १९२४ मध्यें रोमच्या पाइन वृक्षांवरील रचनेंत ध्वनिमुद्रिकेवरून खऱ्या नाइटिंगेल पक्ष्याचें गाणें लाविलें. त्याच रचनेंत, पूर्वींच्या ख्रिस्ती लोकांच्या भूमिगत दफनस्थळांपाशीं, जणुं जमिनीखालून येणारें स्तोत्र आहे, तें पक्ष्याहून मोलाचें. चायकोव्हस्कीचीच आणखी एक मौज आहे. १८९१ मध्यें पॅरिसला त्यानें सेलेस्टा नांवाचें नवें वाद्य पाहिलें. तें पेटीसारखें दिसतें, पण पट्टी दाबली कीं आंत हातोडी पोलादी पत्र्यावर पडते आणि चांदीच्या घंटीसारखा नाद येतो. त्यानें आपल्या प्रकाशकाला लिहिलें कीं, हें वाद्य गुपचुप मागवा, नाहीं तर रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह माझ्या आधीं तें वापरतील! पुढल्या वर्षीं 'नटक्रॅकर' या नृत्यनाट्यांत त्यानें तें वाजवून सर्वांना थक्क केलें. थोरामोठ्यांची ही बालिश चढाओढ ऐकून आपल्या गायनवृंदांतील मंडळींना थोडा धीर येईल.

सेलेस्टा काढणारा ओग्युस्त म्युस्तेल हा पेट्या बनविणाऱ्याचा मुलगा. आणि पेटीविषयीं मला थोडें अधिक बोलावयाचें आहे. हार्मोनियमचें पेटंट पॅरिसच्या दबेंनें १८४२ मध्यें घेतलें. ज्या देवळाला ऑर्गन परवडत नाहीं त्याचें तें आधारस्थान झालें. सर्पालाहि देवळांतून बाहेर पडावें लागलें, त्याच्या कारणांपैकीं पेटी हें एक. आपल्या देशांत भात्याची पायपेटी मिशनऱ्यांबरोबर आली. बसून एका हातानें भाता मारण्याची पेटी घडविण्याचा मान कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिला जातो. मग पेटीनें महाराष्ट्र जिंकला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं तिला रंगभूमीवर व मैफिलींत उच्च आसन मिळवून दिलें. तरी आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केलीच! कारण असें कीं, पेटीचे सूर ठरलेले. तिच्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत. आरोप खरा आहे, शिक्षा मात्र मला जबर वाटते.

या गरीब पेटीसाठीं रोसिनीनें एक मिस्सा रचिली आहे. ऑपेरांवर कीर्ति व पैसा मिळवून त्यानें तिशींपासर्नच लेखणी जवळजवळ खालीं ठेविली होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यानें 'लहानशी गंभीर मिस्सा' लिहिली. ती लहानहि नाहीं आणि सर्वस्वीं गंभीरहि नाहीं. १४ मार्च १८६४ रोजीं पॅरिसमधील एका सरदाराच्या वाड्यांत ती प्रथम झाली. गायक मोजकेच, वाद्यें म्हणजे दोन पियानो आणि एक हार्मोनियम. स्वरलेखावर त्यानें परमेश्वराला उद्देशून विनोदी निवेदन लिहिलें आहे: हें संगीत पवित्र आहे कीं कसें कोण जाणे, मी तर हंसविण्याच्या नाटकांसाठीं जन्मलों, थोडी विद्या, थोडें हृदय, एवढ्यावर स्वर्ग द्यावा. याच रोसिनीनें पोप नववे पायस यांना विनंती केली होती कीं, स्त्रियांना पुरुषांबरोबर देवळांत गाऊं द्यावें. उत्तरीं आशीर्वाद आले, परवानगी आली नाहीं. १९०३ च्या आज्ञापत्रानेंहि ती नाकारलीच. आज आमच्या गायनवृंदांत भगिनींची संख्या पुरुषांच्या दुप्पट आहे. त्या नसत्या तर आपण महोत्सवाची मिस्सा मुक्यानेंच केली असती.

आपल्या माळ्यावरच्या पायपेटीचा भाता समितीनें दुरुस्त करून घेतला आहे. विजेच्या वाद्यावर कळ दाबली कीं व्हायोलिनहि वाजतें आणि तुतारीहि. मग ही जुनी पेटी कशाला, असें विचारणारे आहेत. त्यांना माझें उत्तर असें कीं, वीज गेल्यावर कोण वाजतें तें पाहा.

शेवटीं ऑलिव्हिए मेसियां. पॅरिसच्या त्रैक्याच्या देवळांत १९३१ पासून १९९२ मध्यें मृत्यु येईपर्यंत हा थोर संगीतकार ऑर्गन वाजवीत होता. रविवारच्या मिस्सेला इतर ऑर्गनवादकांप्रमाणेंच माळ्यावर चढत होता. १९४० मध्यें तो जर्मनांच्या कैदेंत सांपडला. ग्योर्लित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणींत एक व्हायोलिनवादक, एक क्लॅरिनेटवादक, एक चेलोवादक असे तिघे त्याच्याबरोबर होते. जे लोक मिळाले त्यांच्या वाद्यांसाठीं, आणि मोडक्या पियानोसाठीं, त्यानें प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायावरून 'काळाच्या अंताचें चतुष्टय' रचिलें. १५ जानेवारी १९४१ रोजीं, कडाक्याच्या थंडींत, कैद्यांपुढें व पहारेकऱ्यांपुढें तें वाजविलें गेलें.

त्या रचनेच्या पहिल्याच भागांत पियानोच्या लयीसाठीं त्यानें तीन ताल योजिले आहेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हीं नांवें पॅरिसची नव्हेत, हें आपण ओळखलेंच असेल. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत जे एकशें वीस देशी ताल सांगितले आहेत, त्यांतले हे तीन. फ्रान्समध्यें छापलेल्या संगीताच्या विश्वकोशांत मेसियांनें ते तरुणपणीं वाचले व जन्मभर उराशीं धरिले. आणि शार्ङ्गदेव कोठला? तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या दरबारीं हिशेबाच्या खात्याचा तो प्रमुख होता. देवगिरी म्हणजे आपलें दौलताबाद. तत, सुषिर, अवनद्ध व घन अशी वाद्यांची चार कुळें त्यानेंहि आपल्या ग्रंथांत विस्तारानें वर्णिलीं आहेत. महाराष्ट्रांत लिहिलेले ताल सातशें वर्षांनंतर एका कॅथोलिक ऑर्गनवादकानें जर्मन छावणींत ख्रिस्ताच्या स्तुतीसाठीं वाजविले, ही गोष्ट मला प्रथम कळली त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

मेसियांलाहि चमत्कारिक वाद्यांची हौस होती. 'ओंद मार्तनो' हें १९२८ मध्यें लोकांपुढें आलेलें विजेचें वाद्य. त्यांत तारेवर सरकणारी अंगठी बोटांत घालून वाजवितात, आणि पेटीला न साधणारी मींड तेथें सहज साधते. १९८३ च्या संत फ्रान्सिसावरील त्याच्या ऑपेरांत अशीं तीन वाद्यें आहेत. दुसऱ्या एका रचनेसाठीं त्यानें एक सपाट ढोल करविला; आंत शिशाच्या गोळ्या घालून तो फिरविला कीं कोरड्या मातीचा, जमीन सरकल्याचा आवाज येतो. असे ढोल आमच्या सुतारालाहि करतां येतील; पण देवळांत नको.

माझी वेळ संपली. आतां गायनवृंद 'आवे वेरुम' म्हणेल. पायपेटी माळ्यावरून खालीं आणलेली आहे, तेव्हां मागच्या बाकांवरील मुलांनीं थोडें सरकून जागा द्यावी. ट्राँबोनवाले दोघे दाराशीं उभे आहेत, त्यांनीं आंत यावें.